गोठलेल्या मांसाचे वय आणि त्याची ग्राह्यता

फ्रीजरच्या तळाशी, बर्फाच्या थराखाली, केव्हा ठेवले आणि कोणी ठेवले याची कोणालाच धड आठवण नाही असे मांसाचे पुडके हाती लागावे, आणि ते शिजवावे की टाकून द्यावे याविषयी घरात दोन पक्ष पडावेत, हा प्रसंग आता पूर्वीइतका विरळा राहिलेला नाही. सकाळी खाटकाकडून आणलेले मटण दुपारी पानात पडलेच पाहिजे, हा ज्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज, त्या घरांतही आखाडातली खरेदी श्रावण उलटेपर्यंत गोठवून ठेवण्याची सोय झाली आहे; १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या बाजारांतून गोठवलेला मासा विकला जातो; आणि अमेरिका, कॅनडा इकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या तळघरांत जो आडव्या झाकणाचा मोठा डीप फ्रीझर असतो, त्यात तर तीन-चार वर्षांपूर्वीचे मांस सहज दडून राहू शकते. असे मांस खाण्यास निर्धोक आहे काय, या प्रश्नावर ऐकीव समजुतींचा इतका गलबला आहे की त्याचा जरा सविस्तर विचार होणे अवश्य वाटते.

उत्तर प्रथमच सांगून टाकतो, कारण ज्याच्या हातात ते पुडके आहे त्याला प्रस्तावनेत अडकवून ठेवणे बरे नव्हे. आरंभी निर्दोष असलेले मांस उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खालच्या तापमानात अखंड राहिले असेल, तर केवळ काळ लोटल्यामुळे ते आरोग्यास अपायकारक होत नाही. मग तो काळ एका वर्षाचा असो की दहा वर्षांचा. अमेरिकेच्या कृषिखात्याचे अधिकृत मार्गदर्शन हेच सांगते, आणि गोठवलेल्या निरनिराळ्या जिनसांसाठी जी तीन महिने, सहा महिने, एक वर्ष अशी मुदत त्यात घालून दिलेली असते, ती स्वाद टिकण्याची मुदत होय, निर्धोकपणाची नव्हे, असा स्पष्ट खुलासाही त्यातच केलेला आहे. चव, रंग आणि मार्दव यांची हानी वर्षागणिक होतेच, आणि ती इतकी होऊ शकते की मांस खाण्याजोगे असूनही खावेसे वाटू नये. पण रुचिहानी आणि रोगभय या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवल्यावाचून या विषयात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. म्हणून पुडक्यावरची तारीख वाचण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे, की या सगळ्या काळात त्याची थंडी एकदाही तुटली नाही, याची खातरजमा मला करता येते काय? पुढचे सारे विवेचन या एका प्रश्नाभोवती फिरणारे आहे.

हे असे का, ते समजून घेतले म्हणजे नियम पाठ करावे लागत नाहीत. मांसाच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो, आणि त्या पाण्यात क्षार व अन्य द्रव्ये विरघळलेली असल्यामुळे ते शून्य अंशावर न गोठता उणे एक अंशाच्या आसपास गोठू लागते. उणे पाच अंशांपर्यंत त्यातील बहुतेक तीन चतुर्थांश पाण्याचे बर्फ झालेले असते, आणि उरलेला द्रव इतका दाट व क्षारयुक्त बनतो की सामान्य जंतूंना त्यात वाढणे दुष्कर होते. तथापि थंडीला सरावलेल्या काही बुरशी आणि काही जंतू एवढ्या थंडीतही, मंदपणे का होईना, आपला संसार चालू ठेवतात. उणे दहा ते उणे बारा अंशांच्या खाली मात्र त्यांचीही वाढ व्यवहारतः थांबते. उणे अठरा हा अंक जगभर रूढ झाला तो या मर्यादेच्या चांगला खाली असल्यामुळे, आणि फॅरनहाइटच्या मापावर तो जवळजवळ नेमका शून्य येत असल्यामुळे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानेही गोठवलेल्या अन्नासाठी हेच तापमान ग्राह्य धरले आहे.

परंतु वाढ थांबणे निराळे आणि मरण येणे निराळे, हे इथे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. गोठवण्याने काही जंतू मरतात, बाकीचे निद्रिस्त होतात, आणि मांस वितळून त्याला पुन्हा ऊब मिळाली की ते जिथे थांबले होते तिथून पुढे चालू लागतात. याचा अर्थ असा, की फ्रीजर मांसाला शुद्ध करीत नाही. ज्या स्थितीत ते आत गेले त्या स्थितीवर केवळ मोहोर उठवून ठेवतो. बाजारात वैशाखाच्या उन्हात अर्धा दिवस लटकलेले, माश्या बसलेले मटण रात्री फ्रीजरमध्ये टाकले, तर पाच वर्षांनी बाहेर निघेल तेही तेच मटण. त्यात स्टॅफिलोकोकस जातीच्या जंतूंनी विष तयार केलेले असेल तर ते विष थंडीने जात नाही, आणि (ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते) उकळण्यानेही जात नाही. कुकरच्या चार शिट्ट्यांनी जंतू निश्चित मरतात, पण त्यांनी मागे ठेवलेले हे विष शाबूत राहू शकते. बर्ड फ्ल्यूच्या विषाणूचे उदाहरणही याच जातीचे आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत या रोगाचा देशातील पहिला प्रादुर्भाव आढळला, तेव्हा कोंबडी खावी की न खावी यावर महाराष्ट्रात बरेच काहूर उठले होते. हा विषाणू गोठवण्याने मरत नाही, उलट थंडीत टिकतो, पण मांस आतपर्यंत ७० अंशांवर शिजले की नष्ट होतो. थंडीने खरोखर मरतात ते मांसातील काही परोपजीवी. डुकराच्या मांसातील पट्टकृमीच्या अळ्या आणि ट्रिकिनेला नावाचा कृमी हे पुरेशा थंडीत काही दिवस ते काही आठवडे ठेवले असता नष्ट होतात; उणे १५ अंशांवर वीस दिवस असे एक प्रमाण पाश्चात्त्य कायद्यांत ट्रिकिनेलासाठी घालून दिलेले आहे. यालाही अपवाद आहेच, आणि तो उत्तर ध्रुवाकडील अस्वले व वॉलरस यांच्या मांसाचा, कारण तिकडच्या ट्रिकिनेलाची एक जात थंडीला दाद देत नाही.

अखंड थंडीने काय साधते याचा इतिहासातील उत्तम दाखला म्हणजे ‘डनेडिन’ या जहाजाची सफर. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी हे शिडाचे जहाज न्यूझीलंडमधील पोर्ट चाल्मर्स बंदरातून सुमारे पाच हजार मेंढ्या-कोकरांचे गोठवलेले मांस घेऊन लंडनच्या दिशेने निघाले. शिडांच्या जोडीला पोटात वाफेवर चालणारे शीतयंत्र होते. जहाज उष्ण कटिबंधात आले तेव्हा थंड हवा मालाच्या कोठारात नीट पसरत नाही असे आढळले, आणि कप्तान व्हिट्सन स्वतः हवेच्या नळीतून आत सरपटत जाऊन नवी भोके पाडू लागला. तिथे तो थंडीने इतका बधिर झाला की त्याच्या सहकाऱ्याने दोर बांधून त्याला बाहेर ओढले तेव्हाच तो वाचला. अठ्ठ्याण्णव दिवसांनंतर, मे महिन्याच्या अखेरीस, लंडनमध्ये माल उतरला तेव्हा त्या पाच हजारांपैकी एकच देह टाकाऊ ठरला. एका माणसाने जिवावर उदार होऊन जे सांभाळले, ते एवढेच, की थंडी कुठेही तुटू नये. जगातील गोठवलेल्या मांसाचा सारा व्यापार त्या पायावर उभा राहिला, आणि आपल्या देशातून परदेशी जाणारे म्हशीचे गोठवलेले मांसही त्याच तत्त्वावर हजारो मैल प्रवास करते.

याहून विलक्षण दाखला अलास्कातला. १९७९ साली फेअरबँक्स गावाजवळ सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्यांना गोठलेल्या भूमीत एका प्राचीन रानगव्याचा जवळजवळ संपूर्ण देह सापडला. अलास्का विद्यापीठातील पुराप्राणिशास्त्रज्ञ डेल गथ्री यांनी त्याचा अभ्यास केला. तत्कालीन मापनानुसार त्याचे वय ३६ हजार वर्षांचे ठरले, आणि पुढच्या मापनांनी ते त्याहूनही पुष्कळ मागे नेले. हा प्राणी सिंहांनी मारला तेव्हा थंडीचे दिवस होते व देह त्वरित गोठला, असा गथ्री यांचा निष्कर्ष. १९८४ साली त्यांनी त्याच्या मानेचा लहानसा तुकडा कापून, भाज्या घालून, बराच वेळ शिजवून त्याचा रस्सा केला आणि तो मोजक्या पाहुण्यांसह खाल्ला. मांस चिवट होते, त्याला मातीचा वास होता, पण कोणी आजारी पडले नाही. ही हकीकत पुष्कळ ठिकाणी गोठवलेल्या मांसाच्या निर्धोकपणाचा पुरावा म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती सांगितली जाऊ नये असे माझे मत आहे. मूठभर माणसांनी दीर्घकाळ शिजवलेला लहानसा तुकडा खाल्ला व त्यांना काही झाले नाही, यावरून एवढेच सिद्ध होते की त्या तुकड्याने त्या माणसांना काही झाले नाही. शिवाय नैसर्गिक गोठभूमीचे तापमान बहुधा शून्याच्या थोडेच खाली असते. ती आपल्या उणे अठरा अंशांची जामीन होऊ शकत नाही.

प्राचीन मांसाची दुसरी एक कथा मला अधिक बोधप्रद वाटते. १९५१ साली न्यूयॉर्कमधील एक्स्प्लोरर्स क्लब या संशोधक-प्रवाशांच्या मंडळाच्या वार्षिक मेजवानीत अतिप्राचीन, नामशेष झालेल्या प्राण्याचे मांस वाढले गेल्याचा बोलबाला झाला. कोणी ते मॅमथचे म्हणाले, कोणी राक्षसी स्लॉथचे. त्यातील एक तुकडा योगायोगाने एका संग्रहालयात जपून राहिला. २०१६ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी त्याची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा ते हिरव्या समुद्री कासवाचे मांस निघाले. ज्या मांसाचा दस्तऐवज नाही त्याचे वय तर सोडाच, जातदेखील खात्रीने सांगता येत नाही. आणि आपल्या फ्रीजरमधल्या बिनचिठ्ठीच्या पुडक्याची अवस्था याहून वेगळी नसते.

आता उलट बाजू. २०१५ च्या जून महिन्यात चीनमधील हुनान प्रांताच्या चांगशा शहरात सुमारे ८०० टन चोरटे गोठवलेले मांस जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले, आणि देशभरात याच सुमारास झालेल्या जप्तींतील काही मांस चाळीस वर्षांचे होते अशा बातम्या जगभर पसरल्या. या चाळीस वर्षांच्या आकड्यावर पुढे चीनमध्येच आक्षेप घेतले गेले व त्यावर मोठा वाद झाला. लोकांच्या मनात मात्र तो आकडाच रुतून बसला, आणि त्याच्यामुळे या प्रकरणातील खरी भयंकर बाब मागे पडली. ती अशी, की खर्च वाचवण्यासाठी हा माल शीतवाहनांऐवजी साध्या मालमोटारींतून आणला जात असे, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत तो अनेकदा वितळून अनेकदा पुन्हा गोठवलेला असे, हे अधिकाऱ्यांनीच तेव्हा सांगितले होते. एकदा वितळून दिवसभर उबेत राहिलेले आणि मग पुन्हा गोठवलेले सहा महिन्यांचे मांस हे अखंड थंडीत राहिलेल्या दहा वर्षांच्या मांसाहून कितीतरी अधिक घातक असते.

घरगुती फ्रीजमध्ये हाच प्रकार लहान प्रमाणावर, कोणाच्याही ध्यानात न येता घडत असतो. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत एका दाराचा फ्रीज आहे, आणि त्याच्या वरच्या बाजूस लहान झडपेचा जो बर्फाचा कप्पा असतो, त्यात बर्फ होते म्हणून तिथे मांसही वाटेल तितके टिकते असे समजले जाते. बर्फ तर शून्याच्या किंचित खालीही होते. फ्रीजरच्या कप्प्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवहारात तारकांची एक खूण आहे : एक तारका म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८, आणि त्यानुसार मांस ठेवण्याचा काळ साधारणपणे एक आठवडा, एक महिना व तीन महिने असा धरतात. या तारका आणि फ्रीजच्या दारावर चिकटवलेल्या वीजबचतीच्या तारका यांची गफलत मात्र होऊ देऊ नये; पाच तारकांचा फ्रीज वीज कमी खातो, पण तेवढ्यावरून त्याचा बर्फाचा कप्पा किती थंड असतो याचा काहीही बोध होत नाही. खरा उपाय म्हणजे फ्रीजरचा साधा तापमापक विकत आणून तो आत पुडक्यांच्या मधोमध ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी वाचणे. काटा उणे आठ किंवा उणे नऊ दाखवीत असेल, तर त्या कप्प्यात वर्षांची गोष्ट बोलूच नये. बर्फ न धरणाऱ्या नव्या जातीच्या फ्रीजमध्ये शीतनळीवरचे हिम वितळवण्यासाठी ठराविक काळाने ऊब दिली जाते, त्यामुळे तापमान थोडे खाली-वर होत राहते. याने मांस सहसा धोक्याचे होत नाही, पण लवकर सुकते. दीर्घकाळ साठवण करायची तर वरून उघडणारा डीप फ्रीझरच उत्तम, कारण झाकण उघडले तरी थंड व जड हवा तळाशी टिकून राहते.

मग वीज जाण्याचा प्रश्न येतो, आणि आपल्या इलाख्यात तो किरकोळ नाही. भारनियमनाचे दोन-चार तास सोसतील. ठासून भरलेला फ्रीजर दार बंद ठेवल्यास सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास गोठलेला राहतो. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला तेव्हा, किंवा २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा, कित्येक गावांत वीज दिवसेंदिवस आली नाही. अशा वेळी माणूस घर सोडून निघून जातो, परत येतो तेव्हा वीज आलेली असते, फ्रीजर घरघरत असतो, पुडकी दगडासारखी टणक असतात, आणि मधल्या चार दिवसांत ती वितळून गेली होती याची साक्ष देणारे कोणी नसते. यासाठी एक बिनखर्ची तजवीज आहे. एका वाटीत पाणी गोठवून घ्यावे, त्या बर्फावर एक नाणे ठेवावे, आणि ती वाटी फ्रीजरमध्ये कायमची राहू द्यावी. परत आल्यावर नाणे वरच असेल तर थंडी टिकली. नाणे वाटीच्या तळाशी जाऊन गोठले असेल तर सारे वितळून पुन्हा गोठले, आणि त्यातले मांस, मग ते मागच्या आठवड्यात आणलेले का असेना, टाकून द्यावे. वीज गेलेली असतानाच आपण घरी असलो, तर पुडके चाचपून पाहावे : आत बर्फाचे कण लागत असतील किंवा तापमापकावर ४ अंशांपेक्षा अधिक ऊब दिसत नसेल, तर ते पुन्हा गोठवण्यास किंवा लगेच शिजवण्यास हरकत नाही.

वर्षांचा हिशेब चवीच्या बाबतीत मात्र चुकता करावाच लागतो. जंतू थांबले तरी हवेतील प्राणवायू थांबत नाही. तो मांसातील चरबीवर हळूहळू कार्य करीत राहतो आणि तिला खवट वास आणतो. म्हणून ज्या मांसात मऊ, असंतृप्त चरबी अधिक ते लवकर बिघडते : तेलकट मासा दोन-तीन महिन्यांत, खिमा व कलेजी तीन-चार महिन्यांत, कोंबडीचे तुकडे नऊ महिन्यांत आणि अख्खी कोंबडी वर्षभरात आपला मूळ स्वाद गमावू लागते, शेळी-मेंढीचे मोठे तुकडे सहा महिने ते वर्षभर बरे राहतात. मीठ या खवटपणाला मदत करते, त्यामुळे मीठ लावलेले मांस गोठवून अधिक टिकेल हा समज उलटा आहे. गोव्याची चोरिस मीठ, व्हिनेगर आणि धुरी यांच्या बळावर टिकण्यासाठीच बनलेली असते. तिला वर्षभर फ्रीजरमध्ये डांबून ठेवण्यात तिचाच तोटा होतो, आणि बेकन किंवा सॉसेज यांची गोडी तर महिना-दोन महिन्यांतच उतरते. दुसरा बिघाड म्हणजे पृष्ठभाग सुकणे. बर्फ वितळल्याशिवाय थेट वाफ होऊन उडून जाते, आणि मांसावर पांढुरके, भुरकट, चामड्यासारखे डाग उमटतात. ते पाहून पुष्कळजण घाबरतात. वस्तुतः हे डाग निरुपद्रवी आहेत, तेवढा भाग कापून टाकला की बाकीचे मांस वापरता येते. हवा काढून टाकून, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, एका वेळच्या स्वयंपाकापुरत्या चपट्या पुडक्यांत मांस ठेवले तर दोन्ही दोष पुष्कळ लांबतात. पुडके चपटे असले की ते लवकर गोठते, बर्फाचे स्फटिक बारीक राहतात, आणि वितळताना मांसातला रस कमी गळतो. पुडक्यावर जिन्नस आणि तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहावी, हे सांगायला नकोच.

माशांविषयी एक ताकीद स्वतंत्रपणे द्यावीशी वाटते, कारण किनारपट्टीवरच्या घरांत तिची गरज अधिक आहे. बांगडा, तारली, कुपा यांसारखे मासे पकडल्यानंतर काही तास उबेत राहिले, तर त्यांच्या मांसात जंतूंच्या क्रियेने हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. हे द्रव्य गोठवण्याने नाहीसे होत नाही, तळण्याने होत नाही, आमटी उकळण्यानेही होत नाही, आणि बहुधा त्याला वासही येत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, अंगाची आग होणे, डोके दुखणे अशी लक्षणे दिसतात. म्हणून हे मासे गोठवायचे असतील, तर होडीतून उतरल्यापासून बर्फातच राहिलेले घ्यावेत आणि घरी आणताक्षणी गोठवावेत. दुपारपर्यंत टोपलीत राहिलेला बांगडा स्वस्तात मिळाला म्हणून फ्रीजरमध्ये भरून ठेवण्यासारखी चुकीची काटकसर नाही.

इतके सारे सांभाळूनही मांस बिघडते ते बहुधा वितळवण्याच्या वेळी, आणि याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. सकाळी पुडके काढून ओट्यावर ठेवायचे आणि संध्याकाळी रांधायला घ्यायचे, ही पद्धत घरोघर आहे. तिच्यात आतला गाभा गोठलेला असतानाच बाहेरचा थर दिवसभर स्वयंपाकघराच्या उबेत राहतो. ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. उघड्यावरची मर्यादा दोन तासांची, आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तासाची. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ही एक तासाची मर्यादा किती कडकपणे पाळली पाहिजे हे वेगळे सांगायला नको. आदल्या रात्रीच पुडके फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवावे म्हणजे गळणारे पाणी भाजीवर पडत नाही; दोन-अडीच किलोच्या तुकड्याला अशा रीतीने सुमारे एक अहोरात्र लागते. घाई असेल तर पाणी शिरणार नाही अशा पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवावे आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेले मांस ताबडतोब शिजवावे. हवाबंद पाकिटातला मासा असेल तर वितळवण्यापूर्वी पाकीट फोडावे, कारण हवा नसलेल्या जागी वाढणारा बॉट्युलिझमचा जंतू थंड जागेतही वाढू शकतो. फ्रीजमध्येच वितळलेले मांस शिजवायचे रहित झाले तर ते पुन्हा गोठवता येते, चव थोडी उतरेल. पण ओट्यावर राहिलेले मांस पुन्हा गोठवू नये. शिजवताना कोंबडी आतपर्यंत ७४ अंश आणि खिमा ७१ अंश गरम झाला पाहिजे. आपला रस्सा आणि कुकर ही अट सहज पुरी करतात. निखाऱ्यावर वरून करपलेले आणि आतून कच्चे राहिलेले कबाब ती करीत नाहीत.

आता त्या बेवारस पुडक्याकडे वळू. वेष्टन फाटलेले असेल, आत बर्फाचे मोठे गोळे जमलेले असतील, मांसातून गळलेला रस तळाशी लाल बर्फ होऊन गोठलेला असेल, किंवा चपटे ठेवलेले पुडके वेडेवाकडे होऊन शेजारच्याला चिकटलेले असेल, तर ते कधीतरी वितळले होते असे समजावे. ही चिन्हे नसतील, फ्रीजर आपलाच आणि भरवशाचा असेल, मांस ताजे असतानाच ठेवले होते हे घरातील कोणाला ठाऊक असेल, तर तारीख दोन किंवा चार वर्षांपूर्वीची असली तरी ते फ्रीजमध्ये वितळवावे, मग पाहावे व हुंगावे. आंबूस, कुजका वास किंवा बोटाला लागणारा चिकट बुळबुळीतपणा आढळला तर प्रश्न मिटला. नुसता खवट वास असेल तर ते धोक्याचे नसले तरी खाण्यात सुख नाही. वास निर्दोष आला तर मांस चांगलेच आहे असे प्रमाणपत्र मात्र त्याने मिळत नाही, कारण दुर्गंधी उत्पन्न करणारे जंतू आणि आजार उत्पन्न करणारे जंतू हे पुष्कळदा निरनिराळे असतात. म्हणूनच नाकाच्या साक्षीपेक्षा थंडीच्या इतिहासाला मी अधिक वजन देतो. गर्भवती स्त्रिया, तान्ही मुले, वृद्ध माणसे, तसेच कर्करोगावरील उपचार चालू असलेले किंवा अवयवरोपण झालेले रुग्ण यांच्या पानात इतिहास अज्ञात असलेले मांस कदापि वाढू नये. त्यांच्या बाबतीत शंकेचा फायदा मांसाला न देता माणसाला द्यावा.

टाकायचे ठरले तर ते वितळू न देता, आहे तसेच दुसऱ्या पिशवीत घट्ट बांधून, घंटागाडी येण्याच्या वेळीच ओल्या कचऱ्यात द्यावे. आपण खाणार नाही म्हणून ते कुत्र्याला घालू नये, कारण जे विष माणसाला बाधते ते त्यालाही बाधू शकते, शिवाय त्याच्या तोंडावाटे जंतू पुन्हा घरात येतात. पुडके गळालेले असल्यास कप्पा रिकामा करून गरम पाण्याने व साबणाने धुवावा, कोरडा पुसावा, आणि तापमापक पुन्हा उणे अठरावर स्थिर झाल्याचे पाहूनच त्यात नवे मांस ठेवावे.